बहिणीची चुंगडी

आमच्याकडे, वैनगंगेच्या बाजूला, धान निघालं की लेकीबहिणींच्या घरी नवा तांदूळ जातो. पोत्याला आम्ही चुंगडी म्हणतो, म्हणून ती बहिणीची चुंगडी. ती किती मोठी आहे हे कोणी पाहत नाही. पण ती आली की सासरच्या माणसांना कळतं, हिच्या मागे कोणीतरी आहे.

वडील वारले तेव्हा मी माझा हिस्सा भावाच्या नावावर सोडला. मी चौथीपर्यंत शिकलेली. कागदावर अंगठा न लावता सही केली, याचंच मला त्या दिवशी मोठं वाटलं होतं. भाऊ माझ्याहून लहान. तिथेच सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, मी जिता आहो तोपर्यंत तुही चुंगडी चुकणार नाई."

आणि चुकली नाही. नंतर तोही आमच्यासारखा पोट भरायला भिलाईला आला, पोलादाच्या प्लँटमध्ये ठेकेदाराकडे लागला, रुआबांध्याला खोली घेऊन राहू लागला. शेत चुलतभावाला बटईने, अर्ध्या वाट्यावर दिलंय म्हणायचा. संक्रांत झाली की गावी जाऊन यायचा आणि एका रविवारी सायकलला चुंगडी बांधून आमच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरवर हजर व्हायचा. तांदूळ चिन्नोर. शिजला की शेजारच्या क्वार्टरपर्यंत वास जायचा. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या तांदळाचा फार अभिमान. हे त्याच प्लँटच्या मिलमध्ये कायम नोकरीला. तिथल्या माणसांना डब्यातला भात दाखवून सांगायचे, सासरचा आहे. माझ्या भावाबद्दल ह्यांच्या तोंडून निघणारा तेवढाच एक चांगला शब्द.

कारण बाकी सगळ्यात त्या दोघांचं वाकडं होतं. हे एका पक्षाचे, भाऊ दुसऱ्या पक्षाचा. हे निवडणुकीत बूथवर बसणारे, तो सभेला ट्रॅक्टरमध्ये उभा राहून जाणारा. भेटले की आधी तब्येत, मग कोणाचा पगार किती कापला, मग सरकार. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. मला माणसांत बसायची सवय नाही. बोलायची तर त्याहून नाही. पण ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. भावाच्या पक्षाचं राज्य होतं तेव्हा हे म्हणायचे, आमच्या पगारातून कापायचं आणि फुकट वाटायचं, ही रेवडी आहे. भाऊ म्हणायचा, गरिबाच्या घरात चूल पेटते, तुमचं काय जाते. मग राज्य बदललं. वाटणं तसंच राहिलं, उलट वाढलं. तेव्हापासून भाऊ म्हणू लागला, मतं विकत घेऊन राहिले, आणि हे म्हणू लागले, गरिबाचं कल्याण. दोघांनी एकमेकांची वाक्यं उचलली आणि दोघांनाही ते कळलं नाही. मला हसू यायचं. पण हसून सांगायचं कोणाला?

भीतीही वाटायची. ह्यांचा एक स्वभाव आहे. तोंडातून गेलेला शब्द मागे घेत नाहीत. निवडणुकीच्याच वादात सख्ख्या मोठ्या भावाला म्हणाले होते, तुझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही. सहा वर्षं टाकला नाही. जाऊबाई वारल्या तेव्हा हे अंगणात उभे राहिले, डोळे पुसले, आणि अंगणातूनच परत आले. आत मढं होतं, तरी उंबरा ओलांडला नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच धाक बसला. असा एखादा शब्द माझ्या माहेराबद्दल निघाला तर माझं माहेर संपलं. आईवडील नाहीत. माहेर म्हणजे हा एक भाऊ.

त्या धाकात तीन वर्षांपूर्वी आणखी एका गोष्टीची भर पडली.

त्या साली चुंगडी आली. वरचे चार-पाच शेर संपेपर्यंत नेहमीचा वास होता. मग वास गेला. एके दिवशी तांदूळ धुताना पाहिलं तर काही दाणे पाण्यावर तरंगत होते. जरा पिवळट, सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. धानाचे दाणे कधी इतके सारखे नसतात. मी ते बोटाने गोळा केले आणि तळहातावर घेऊन उभी राहिले. हे दाणे मी आधी पाहिले होते. भावजयीच्या सुपात. ती राशनचा तांदूळ पाखडत होती तेव्हा मी विचारलं होतं, हे काय. ती म्हणाली होती, "राशनमंधे मिसळूनच येतात बाई, ताकदीचे दाणे म्हणतात. लोकं प्लास्टिक म्हणून फेकून देतात."

नळाखाली हात तसाच धरून मी हिशेब लावला. तांदूळ राशनचा, म्हणजे धान नाही. धान नाही, म्हणजे बांध्या, धानाची शेतं, नाहीत. बटई वगैरे काही नव्हतं. भावाने शेत विकलं होतं, आणि मला सांगायची त्याला हिंमत झाली नव्हती. आपल्या घरी येणारा फुकटचा तांदूळ साठवून, वर थोडा चिन्नोर पसरून, तो माझी चुंगडी शिवत होता.

शेत गेल्याचा राग आला नाही असं म्हणणार नाही. बापाच्या बांध्या होत्या, माझी सही होती. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही, आणि मी मुळातच बोलत नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण तिसऱ्या दिवशी रागाच्या जागी भीती आली. हे राशनच्या तांदळावर काय काय बोलत, ते मला पाठ होतं.

तेव्हापासून रोज सकाळी तांदूळ निवडणं हे माझं काम झालं. ह्यांची पहिली पाळी असली की हे गेल्यावर, दुसरी असली की हे झोपेतून उठायच्या आधी. दाराकडे पाठ करून बसायची. पिवळे दाणे एक एक काढून मागच्या बाडीत, मुनग्याच्या झाडाखाली टाकायची. चिमण्या खायच्या. बाजारातून थोडा चिन्नोर आणून मिसळायची, म्हणजे वास राहील. दोन वर्षं असं निभलं. भावाला वाटत होतं मला माहीत नाही. ह्यांना काही माहीत नव्हतंच.

मग तो रविवार आला. त्या वर्षी बजेट रविवारी होतं, आणि भाऊ चुंगडी घेऊन नेमका त्याच दिवशी आला.

मी त्याला आदल्या आठवड्यात फोनवर म्हटलं होतं की पुढच्या रविवारी ये. त्याने ऐकलं नाही. त्या दिवशी त्याला दोनची पाळी होती. ठेक्यातल्या माणसाला रविवार नसतो. सकाळी जेवून तिकडूनच गेटवर जाईन म्हणाला. स्वयंपाकघरात येऊन त्याने खिशातल्या चाकूने चुंगडीची शिवण कापली, वरचा तांदूळ ओंजळीत घेऊन मला दाखवला आणि सुपात ओतला. "आज हाच लाव, बाई." दर वर्षी असंच करायचा. वरचा चिन्नोर होता तो. पण गोणी सायकलवर हिंदकळत आली होती, वरचं खाली, खालचं वर झालं होतं. सुपात पिवळे दाणे मला स्पष्ट दिसत होते. त्याला दिसले नाहीत, की दिसूनही तो तसाच उभा होता, कोण जाणे.

बाहेरच्या खोलीत टीव्ही लावलेला. हे लवकर आंघोळ करून, पांढरा बनियन घालून, खुर्ची पुढे ओढून बसले होते. पगारातून जो कर कापला जातो तो या खेपेला कमी होईल अशी ह्यांना आशा होती. आठवडाभर मिलमध्ये तीच चर्चा होती म्हणे. भाऊ खाली सतरंजीवर बसला. मी पाटवडीचा रस्सा उकळत ठेवून तांदूळ निवडायला बसणार, तेवढ्यात हे ओरडले, चहा. मी चहा घेऊन गेले, आणि परत येते तो मुलगी तांदूळ धुवायला घेऊन बसलेली. कॉलेजात जाते ती. मामा आला म्हणून मदतीला आली होती.

"मम्मी, इसमें ये क्या है? प्लास्टिक है क्या?" तिने विचारलं. तिचा आवाज माझ्यासारखा नाही, मोकळा आहे. बाहेर टीव्ही चालू नसता तर त्या दोघांच्याही कानांवर गेला असता.

मी तिच्या हातावर हात ठेवून तिची मूठ मिटली. "कोंडा आहे. जाय, ताटं पुस."

ती माझ्याकडे पाहत राहिली, पण गेली. पाण्यावरचे दाणे मी ओतून दिले. खाली बसले होते ते राहिले असतील. निवडायला वेळ नव्हता. भात चढवला.

बाहेर बोलणं सुरू झालं होतं. आधी गंमतीत होतं. रेल्वेला इतकं, रस्त्यांना इतकं, असं टीव्हीवर ऐकू आलं की हे मांडीवर थाप मारायचे. भाऊ म्हणाला, "तुमच्यासाठी काय आहे, भाऊजी? तुमचं तं जिथचं तिथंच दिसून राहिलं." ह्यांनी पुढचं ऐकायचं आहे असा हात केला. थोड्या वेळाने खरंच कराचा भाग आला आणि गेला. ह्यांना हवं होतं ते काही त्यात नव्हतं. मी दारातून पाहिलं, हे खुर्चीत मागे टेकले होते. चेहरा उतरला होता, पण भावासमोर दाखवायचा नव्हता.

मी ताटं वाढली. दोघांची बाहेर, टीव्हीसमोर. वरण, रस्सा, भात. ह्यांनी पहिला घास भाताचा घेतला आणि म्हणाले, साळेबुवा, काहीही म्हणा, तांदूळ तुमच्या गावचाच. भावाने मान हलवली. ताटातून वर पाहिलं नाही.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण भावाला मागचे सगळे टोमणे आठवत असावेत. तो म्हणाला की मोठ्या लोकांचं माफ होते आणि नोकरीवाल्याचं कापून घेतात, तरी टाळ्या नोकरीवालाच वाजवते. हे म्हणाले, देश चालवायला पैसा लागतो, तुमच्या लोकांनी एवढी वर्षं राज्य केलं, काय केलं? भाऊ म्हणाला, "हा प्लँट केला. तुमी पगार घेता थो."

मुलगी दारात माझ्या शेजारी उभी होती. ती फिसकन हसली. ह्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बापाला पोरीसमोर हरायला आवडत नाही.

ह्यांनी आवाज चढवला. मी टॅक्स भरतो म्हणून बोलतो, तू काय भरतोस, असं विचारलं. भाऊ म्हणाला, मी साबण घेतो त्यावर भरतो, माचिस घेतो त्यावर भरतो, मला कोणी वापस देत नाही.

"वापस देतेच ना," हे म्हणाले. "फुकटचा तांदूळ देते."

भावाने एक क्षण घास तसाच धरला. मग म्हणाला, "थो तं तुमचंच सरकार देऊन राहिलं. पयले तुमीच त्याले रेवडी म्हणत होते."

ते खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच वाईट झालं. टीव्हीवर कोणीतरी बाकं बडवत होतं. ह्यांनी रिमोटने आवाज बंद केला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की मागच्या बाडीतल्या चिमण्या ऐकू आल्या.

"देते," हे म्हणाले. सावकाश बोलत होते. ओरडत नव्हते. हे सावकाश बोलायला लागले की मी घाबरते. "गरिबाले देते. पण हातीपायी धड माणूस रांगेत उभा राहून फुकटचं घेते, खाते, आन वरून त्याच सरकारले शिव्या देते. अशा माणसाच्या घरचा दाणा मी तोंडात घालणार नाई. आजच सांगून ठेवतो."

घास हातात होता. त्याच भाताचा.

मला जाऊबाईंचं अंगण दिसलं. उंबऱ्याच्या बाहेर उभे असलेले हे दिसले. शब्द निघून गेला होता. आता तो कोणाच्या नावावर पडतो एवढंच उरलं होतं.

भावाने हात ताटात झटकला. त्याचा चेहरा लहानपणी बापाचा मार खाताना व्हायचा तसा झाला होता. असा चेहरा झाला की तो खरं बोलून टाकायचा, कितीही मार पडो. "भाऊजी," तो म्हणाला, "एक गोष्ट सांगतो तुमाले. हा भात..."

"हा भात बाजारच्या तांदळाचा आहे," मी म्हणाले.

मी बाहेरच्या खोलीत कशी आले ते मला आठवत नाही. हातात वरणाचं भांडं होतं. पुरुष जेवत असताना त्यांच्या बोलण्यात मी आयुष्यात तोंड घातलं नव्हतं. तिघेही माझ्याकडे पाहत होते.

"डब्यात बाजारचा उरला होता, थोच लावला," मी म्हणाले. "चुंगडी नाई सोडली अजून. सणाले सोडीन."

मग ह्यांचा राग फिरला आणि माझ्यावर आला. मला तेच हवं होतं. साळ्याची चुंगडी घरात पडली आहे आणि त्यालाच बाजारचा भात वाढते, एवढी अक्कल नाही, लग्नाला इतकी वर्षं झाली, असं बरंच. मी मान खाली घालून ऐकलं. बोलता बोलता ह्यांना स्वतःचंच हसू आलं. भावाला म्हणाले, पाहा साळेबुवा, तुमची बहीण, माहेरचं इतकं जपते की माणसाले खाऊच देत नाही. आणि टीव्हीचा आवाज पुन्हा चालू केला.

भाऊ माझ्याकडेच पाहत होता. चुंगडीची शिवण त्याने स्वतःच्या चाकूने कापली होती. सुपात तांदूळ त्याने स्वतः ओतला होता. मी खोटं बोलले हे त्या खोलीत त्याला एकट्याला माहीत होतं. आणि का बोलले, हेही आता कळलं होतं. मला सगळं माहीत आहे, हे मी त्याच्यापासून इतके दिवस झाकलं होतं, ते तिथेच उघडं पडलं.

ताटातला सगळा भात त्याने खाल्ला. शेवटी बोटाने कडेचे दाणे पुसून घेतले. मग ताट माझ्याकडे सरकवून म्हणाला, "अजून वाढ." मी वाढला. तोही खाल्ला.

एक वाजता तो निघाला. हे टीव्हीसमोरच आडवे झाले होते. मी फाटकापर्यंत गेले. त्याने सायकलचं स्टँड काढलं आणि हँडलकडे पाहतच विचारलं, कधीपासून. मी म्हटलं, पहिल्या सालापासून. शेत कशासाठी विकलं ते त्याने सांगितलं. मी इथे लिहीत नाही. कारण खरं होतं एवढं पुरे. मग तो म्हणाला की वरचा चिन्नोर तो विकत घेतो, भावजयीच्या खात्यात सरकारचे जे महिन्याचे पैसे येतात त्यातून. तीच म्हणते, बाईच्या चुंगडीला वास पाहिजे.

म्हणजे वरचंही सरकारचं आणि खालचंही. ह्यांच्या पगारातून कापलेलं, कुठून कुठे फिरून, रुआबांध्याच्या खोलीतून, सायकलवरून, ह्यांच्याच ताटात आलेलं. मला ते तिथे फाटकाजवळ उभं राहून कळलं. पण हे मी ह्यांना समजावून सांगू शकणार नाही. ह्यांना त्यात भावाची लबाडी दिसेल, आणि भावाला हे सांगितलं तर त्याला ह्यांचा उपकार दिसेल. दोघांनाही ते नको असेल.

"पुढच्या साली आणू का नको?" भावाने विचारलं.

मी म्हटलं, आण. वरून चिन्नोर नको टाकू. तुझ्या घरी शिजतो तोच आण.

त्याने पायडलवर पाय ठेवला. मग थांबून म्हणाला, "त्यातले थे पिवळे दाणे. निवडून फेकतं का तू?"

मी हो म्हटलं.

"फेकत नको जाऊ, बाई. ताकदीचे राह्यतात म्हणते."

तो रिसालीच्या रस्त्याने वळून दिसेनासा झाला, तरी मी फाटक धरून उभी होते. आत आले तेव्हा टीव्हीवर चार माणसं एकाच वेळी बोलत होती आणि हे त्यांच्यासमोर झोपी गेले होते.

पुढच्या संक्रांतीनंतर चुंगडी आली. लहान होती, वर-खाली एकसारखी. ह्यांनी तांदळाच्या डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, यंदा धानाला पाणी कमी पडलेलं दिसते. मी हो म्हटलं.

आता मी दाणे निवडत नाही. तांदूळ हलक्या हाताने धुते, तरंगणारे दाणे बोटाने खाली दाबून पाण्यासकट चढवते. बाडीत चिमण्या येतात आणि जातात. हे जेवायला बसले की मी दारात उभी राहते आणि ह्यांच्या ताटाकडे पाहते. शिजल्यावर ते दाणे बाकीच्यांत मिसळून जातात, पण सगळेच नाही. एखादा वेगळा दिसतो. ह्यांची बोटं त्याच्याजवळ जातात, कालवतात, उचलतात. तोपर्यंत मी श्वास घेत नाही.